सहा मीटरवर खडक

भूकंप झाला तेव्हा मी दाढी करत होतो. रविवार, सकाळचे दहा वाजून एकवीस मिनिटं. आरशाखालच्या फळीवरचा ब्रश बोटभर सरकला, खिडकीची काच एकदा कुरकुरली आणि संपलं. माझ्या हनुवटीवर बारीकशी चीर पडली. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "वरच्यांनी काय पाडलं आता?" आमच्यावर कोणीच राहत नाही, वर गच्ची आहे. पण बायकोचा वरच्यांवरचा राग आधीच्या घरापासूनचा आहे आणि घर बदललं म्हणून तो काही गेलेला नाही.

आमचं घर टेकडीवर आहे. पायाखाली दीड मीटरवर काळा, अखंड खडक. मी स्वतः बघून घेतला होता. खडकावर धक्का येतो आणि जातो. भरावाच्या जमिनीचं तसं नसतं. भरलेल्या बादलीला चालता चालता पाय लागला तर बादली लगेच थांबते, पण आतलं पाणी बराच वेळ हिंदकळत राहतं. एकाच गावात, एकाच मिनिटाला, एकाला भूकंप झालेला कळत नाही आणि दुसरा अंगणात पळतो, तो याच कारणानं. दुसरा भित्रा असतो असं नाही.

हे मला माहीत असण्याचं कारण माझी नोकरी. आमच्या ऑफिसात जमीन तपासतात. इमारत बांधायच्या आधी जागेवर भोकं पाडायची, खालची माती वर काढायची, खडक किती खोल आहे ते बघायचं आणि पाया कुठवर न्यायचा ते लिहून सही करून द्यायचं. बावीस वर्षं हेच चाललंय. चार माणसं जमली की लोक डॉक्टरला जीभ दाखवतात, मला प्लॉटचे कागद.

भूकंप झाला की आम्हाला एक जादा काम लागतं. घरोघरी फॉर्म वाटायचे. टांगलेली वस्तू हलली का, भांडी वाजली का, पाणी हिंदकळलं का, किती वेळ हललं. फॉर्म परत आले की ऑफिसातल्या नकाशेवाल्या बाई त्यावरून नकाशा रंगवतात. कमी हललं तिथं पिवळा, जास्त तिथं केशरी, फार तिथं लाल. बाईंच्या शिवाय आमच्या ऑफिसात पान हलत नाही, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक आहे.

सोमवारी दुपारी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं.

"सर, या गल्लीचे फॉर्म पोरांनी चहाच्या टपरीवर बसून भरलेत. लिहून देते."

"कशावरून?"

"वीस घरं. वीसच्या वीस जणांनी एकच लिहिलंय. ‘हललं नाही.’ बघा, आजूबाजूला सगळं लाल, आणि मध्ये हा पांढरा तुकडा. खोडरबरानं पुसल्यासारखा दिसतोय."

मी नकाशावर वाकलो. ती गल्ली मला नकाशाशिवायही सापडली असती. त्या भागात पूर्वी विटांसाठी माती काढून काढून पडलेले खड्डे होते. पुढं गावभरचा राडारोडा, राख, मोडक्या भिंती टाकून ते बुजवले आणि वर घरं उठली. गल्लीच्या तोंडाशी जो मोठा रस्ता आहे तिथल्या लोकांनी पंधरा-पंधरा सेकंद हललं असं लिहिलं होतं. एकाचं कपाट आडवं झालं होतं. गल्लीही त्याच भरावावर आहे, उलट तिच्याखाली खड्डा सगळ्यात खोल होता. फक्त कागदावर तसं नव्हतं. कागदावर गल्लीखाली सहा मीटरवर खडक होता. त्या कागदावर सही माझी होती.

गल्लीतल्या चौथ्या घरात माझी धाकटी बहीण राहते. घर घेताना तिनं विचारलं होतं, "दादा, जमीन कशी आहे तिथली?" मी म्हणालो होतो, "डोळे झाकून घे." सहीही मी जवळजवळ तशीच केली होती, हे तेव्हा बोललो नव्हतो. आमचे वडील गेले अकरा महिने तिच्याकडे असतात.

मी तिला फोन लावला. ती हसली. "भूकंप आम्हाला टीव्हीवर कळला, दादा. बाबा तर बसून रंगवत होते."

"काय रंगवत होते?"

"पाटी. अरे, तुला सांगायचं राहिलंच. तू इकडं फिरकतोस कुठं?"

वडिलांनी जन्मभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सुतळी न लावता सरळ रेघ मारायचे आणि अक्षर असं काढायचे की लोक दुकानात काही घ्यायचं नसलं तरी पाटी वाचायला थांबत. साठीनंतर उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा सांडायचा, मग सहीसुद्धा जमेना. कंपवात, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर वडिलांनी ब्रश केरोसीनमध्ये धुतले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर आमच्या घरात कोणी रंगाचं नाव काढलं नाही. मला ते बघवत नसे, म्हणून धाकटीनं त्यांना आपल्याकडे नेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे कबूल करायला चांगलं वाटत नाही, पण तसंच वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी मी गल्लीत गेलो. गल्ली साधी आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा बैठी घरं, प्रत्येकापुढे दोन पायऱ्या, शेवटी एक भिंत. वडील पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. मांडीवर पत्रा, हातात एक नंबरचा ब्रश. एका शिंप्याच्या दुकानाची पाटी होती. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी ‘श’ची गाठ वळवली. ब्रशचं टोक केसभरही इकडंतिकडं गेलं नाही.

"आत ये. उजेड अडवू नकोस," ते वर न बघता म्हणाले.

माझे डोळे भरून आले. मी ते चटकन पुसले, कारण वडिलांना असल्या गोष्टींचा कंटाळा आहे.

"गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," मी म्हणालो.

धाकटी चहा घेऊन आली होती. तिनं मला डोळ्यांनी आत बोलावलं आणि कपाटाचा खण उघडून दाखवला. अकरा महिन्यांच्या गोळ्या. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"मग हात कशानं थांबला?"

"इथं आले आणि पंधरा दिवसांत थांबला. हवा मानवली, दुसरं काय? गल्लीबाहेर मात्र पाय टाकत नाहीत. समोरच्यांच्या पायरीवर बसतील, भिंतीपर्यंत फेरी मारतील. कोपऱ्यापर्यंत गेले की मागं फिरतात."

"आणि तू? तुला काही जाणवतं का इथं?"

ती शाळेत शिकवते, रोज जाते-येते. तिनं विचार केला. "कोपऱ्यावर अंगावर काटा येतो रोज. आपला एवढासा. वारा असतो तिथं. काल मात्र जरा जोरात आला, हातातली पर्स पडली."

आम्ही पुढच्या खोलीत येऊन बसलो. मी कप बशीवर ठेवला तेवढ्यात माझा फोन वाजला. नकाशेवाल्या बाई होत्या.

"सर, आत्ता! आत्ता हलतंय! टेबल धरून उभी आहे मी!"

फोनमधून मला कपाटाची दारं वाजताना ऐकू येत होती. ऑफिस तिथून दीड किलोमीटरवर आहे. मी समोरच्या कपाकडे बघितलं. चहावर सायीचा पापुद्रा धरत होता. त्यावर सुरकुतीसुद्धा उमटली नाही. दारातून गल्लीचं तोंड दिसतं. तिथं मोठ्या रस्त्यावरच्या विजेच्या तारा वरखाली होत होत्या, एक बाई दुकानाच्या खांबाला धरून उभी होती. गल्लीतल्या खांबावरच्या तारा जागच्या जागी होत्या. दोन्हीकडच्या तारा एकाच खांबाला येऊन मिळतात.

वडील ‘प’चं पोट भरत होते.

बुधवारी मी ऑफिसातलं एक यंत्र घेऊन गेलो. कंपनं नोंदवणारी डब्याएवढी पेटी असते. फरशीवर ठेवायची, पडद्यावर रेघ चालत राहते. रेघ इतकी नाजूक की शेजारच्या खोलीत कोणी पाय आपटला तरी तिला दात येतात. धाकटीच्या फरशीवर रेघ सपाट होती. मी पाय आपटला. सपाट. धाकटीनं वरवंटा आणून माझ्यासमोर फरशीवर दाणकन सोडला. आवाज झाला, पण कापसावर पडल्यासारखा, आणि रेघ सपाट. पेटी बिघडली म्हणून मी ती कोपऱ्याच्या पलीकडे नेली. रस्त्यावरून एक बस गेली आणि रेघ पडदाभर नाचली. परत आणली. सपाट.

अशा वेळी जी कारणं सुचतात ती सगळी मी लिहून काढली. खालचा एखादा थर इतका मऊ असेल की धक्का वर येतच नाही. असं होतं, पुस्तकात आहे. पण मग वरून आपटलेला पाय? त्याला कोणता थर आडवा येतो? मी तीनदा कारणं लिहिली, तीनदा खोडली आणि हात हलवत परत आलो.

बुधवारीच तिसरा धक्का बसला, शुक्रवारी चौथा. दोन्ही लहान होते. गल्ली सोडून सगळीकडे जाणवले. ऑफिसातल्या यंत्रानं नोंदवलेल्या चारही धक्क्यांच्या रेघा मी छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्या होत्या. रोज बघून बघून मला त्या पाठ झाल्या. रविवारची रेघ आधी बारीक कुरकुरते, दोन सेकंद थांबते आणि मग उसळते. मंगळवारी लागोपाठ दोन उसळ्या, दुसरी मोठी. बुधवारची आखूड. शुक्रवारची हळूच उठणारी आणि मध्येच तुटणारी.

शनिवारी मी बोअरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. गल्लीतली भोकं त्यांनी पाडली होती. आता ते काम करत नाहीत. अंगणात लोखंडी रॉड रचून ठेवलेले असतात आणि ते त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. मी जुना कागद पुढं केला. पाच भोकं, पाचही ठिकाणी ‘सहा मीटरवर खडक लागला’. ना पावणेसहा, ना सव्वासहा. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलंही होतं. पण आमच्या धंद्यात एक चाल आहे. पहिलं भोक नीट पाडतात आणि उरलेली घरी बसून भरतात. मला वाटलं, तसंच असणार. एका जागी खडक आहे म्हणजे चार पावलांवरही असेल. मी सही ठोकली.

"मिस्त्री, खरं सांगा. पाचही भोकं पाडली होती का?"

"पाडली होती, साहेब. त्या खेपेला नेमकी पाडली होती."

"आणि खडक?"

त्यांनी कागद मला परत दिला. "खडक नव्हता तो."

"मग खडक लागला असं का लिहिलं?"

"कागदावर रकाने किती? माती, मुरूम, खडक. रॉड पुढं जाईना म्हणजे खडक, असं तुम्हीच शिकवलंत. चौथा रकाना असता तर तो भरला असता."

"चौथ्यात काय लिहिलं असतं?"

"हातोडा त्रेसष्ट किलोचा असतो, तुम्हाला माहीत आहे. वरून पडला की रॉड झणझणतो. दातापर्यंत कळतं. तिथं सहा मीटरवर गेलो आणि हातोडा नुसता पडायचा. रॉड खाली जाईना आणि झणझणेही ना. हात लावला तर गार, गप्प. पाचही भोकांत सहा म्हणजे सहा. असा पाटासारखा खडक कुठं असतो का? माझा जोडीदार म्हणाला, कोणीतरी खालून धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सामान आवरलं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही."

ते मला दारापर्यंत सोडायला आले. "घरं हलली का तिथली परवा?"

"नाही."

"चांगलंय की मग," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र चांगलं वाटल्याचं काही दिसलं नाही.

मी ठरवलं. गल्लीत पुन्हा भोकं पाडायची आणि खाली काय आहे ते कळेपर्यंत वडिलांना आणि धाकटीला टेकडीवर आणायचं. मेहुणे कामासाठी बाहेरगावी गेले होते, त्यांचा प्रश्न नव्हता. धाकटी लगेच तयार झाली. वडील नाही.

"मी इथून हलणार नाही."

"बाबा, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"अरे, इथून हललो की हात हलतो. तुला कसं कळत नाही? कोपऱ्यावर गेलो तरी बोटं जागी होतात. अकरा महिने मी एकही अक्षर वाकडं काढलेलं नाही. ते घेऊन मी तुझ्या टेकडीवर काय करू, खडक बघत बसू?"

मी त्यांना मग कागदाचं सगळं सांगितलं. न बघता सही केल्याचं, पाचही आकडे सारखे दिसूनही गप्प बसल्याचं. ते ऐकत राहिले. अक्षराचा काना एका सुतानं झुकला तर हे पूर्ण पाटी खरवडून काढायचे. मी लहानपणापासून ते बघितलेलं आहे.

"न बघता सही केलीस?"

"हो."

"आणि त्या सहीवर हिनं घर घेतलं."

"हो."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शाळेत नापास झालो तेव्हाही नाही. त्यांनी ब्रश केरोसीनमध्ये बुडवला, फडक्यावर पुसला आणि उठले.

"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी इथं आणून सोडायचं. आणि हिला आधी गाडीत बसव. पोरीचं घर आहे, मी तर काय, पाहुणा."

दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी गाडी दाराशी लावली. ऊन होतं, वारा नव्हता. धाकटी मागं बॅग घेऊन बसली. वडील पुढं. मांडीवर त्यांनी चित्राची वही उघडून घेतली आणि हातात पेन्सिल. एका वाचनालयाची पाटी करायची होती, तिची अक्षरं बसवायला घेतली होती. मला वाटलं, ते हाताला कामात गुंतवून ठेवतायत. कोपऱ्यावर काय होणार ते त्यांना ठाऊक होतं आणि आपली पोरं बघतायत हेही.

गल्ली गाडीनं अर्ध्या मिनिटाची आहे.

कोपऱ्यावर पुढची चाकं मोठ्या रस्त्याला लागली. मागं धाकटी शहारली आणि म्हणाली, "आला बघ काटा." वडिलांच्या हातातली पेन्सिल अडखळली.

आधी जुनी थरथर आली. बारीक, एकसारखी, मी वर्षानुवर्षं बघितलेली. मी गाडी हळू केली. वडिलांनी वही घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मग थरथर थांबली. पेन्सिल कागदावरच होती. ती बारीक कुरकुरली.

दोन सेकंद थांबली.

आणि उसळली.

मी गाडी थांबवली. ती रेघ मी ओळखली. आठ दिवस टेबलाच्या काचेखाली तीच बघत होतो. उसळी, तिच्या मागची दोन लहान शिखरं, लांबत गेलेली शेपटी. माझं लक्ष सवयीनं घड्याळाकडे गेलं. पंधरा सेकंद. भरावावर असते तेवढीच.

"बाबा?"

"मी नाही करत," ते म्हणाले. "मी नाही हलवत, अरे."

लागोपाठ दोन उसळ्या, दुसरी मोठी. मंगळवार.

एक आखूड. बुधवार.

हळूच उठली आणि मध्येच तुटली. शुक्रवार.

मी श्वास सोडला. संपलं होतं. जेवढं होऊन गेलं तेवढं त्यांच्या हातून निघून गेलं होतं. कसं, ते मला माहीत नव्हतं, पण हिशेब लागला होता. मी त्यांच्या मनगटाकडे हात नेला.

पेन्सिल पुन्हा हलली.

ही रेघ मला पाठ नव्हती. ती बारीक कुरकुरत निघाली आणि कुरकुर वाढत गेली. मध्ये थांबलीच नाही. पहिल्याच उसळीला पेन्सिल कागदाच्या वरच्या कडेला गेली. दुसरीला कागदाबाहेर, वहीच्या पुठ्ठ्यावर. तिसरीला समोरच्या काचेच्या कडेवर ओरखडा उठला. वडिलांचा खांदा आपटायला लागला, मग जबडा. धाकटी मागून त्यांना दोन्ही हातांनी मिठी मारून धरत होती आणि तीही हलत होती. गाडीची दारं वाजत होती.

बाहेर रस्त्यावर एक माणूस सायकल धरून शांतपणे बोलत उभा होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

"मागं घे," वडील दात आवळून म्हणाले. "अरे, मागं घे!"

मी गाडी मागं घेतली.

मागची चाकं गल्लीत शिरली, मग पुढची. पेन्सिल होती तिथं थांबली. दारं गप्प झाली. धाकटीनं हळूहळू हात सोडले. वडिलांनी उजवा हात वर करून बघितला, पुढून आणि मागून, आणि मांडीवर ठेवला. तो तिथं लाकडाच्या तुकड्यासारखा स्थिर राहिला.

धाकटी त्यांना आत घेऊन गेली. मी पायरीवर बसून ऑफिसात फोन केला.

"बाई, आज काही झालं का? आत्ता, दहा मिनिटांपूर्वी?"

"छे, सर. शुक्रवारपासून रेघ सपाट आहे. आम्ही कंटाळलोय इथं. का? काही वाटलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? म्हाताऱ्या माणसाच्या हातानं रेघ मारली, सगळ्या गावानं घरं सोडा? माझं हसं झालं असतं. मी स्वतःलाच हे दोनदा समजावलं. ते मला आजही पुरेसं वाटत नाही.

वही माझ्या मांडीवर होती. मी खिशातली पट्टी काढून मोजलं. रविवारची उसळी कागदावर अडीच सेंटिमीटर भरत होती. शेवटची कागदावर मावली तिथपर्यंत सतरा. पुढचं पुठ्ठ्यावर आणि काचेवर होतं. शेवटी रेघ वर चढत असतानाच तुटलेली होती.

मग मी बायकोला फोन केला आणि कपडे घेऊन धाकटीकडे यायला सांगितलं.

"तुम्ही त्यांना इकडं आणणार होतात ना?" ती म्हणाली. "आता मीच तिकडं? किती दिवसांचे कपडे घेऊ?"

"असतील तेवढे घे."

"आणि येताना भाजी—"

"काही नको. आत्ता नीघ. कुलूप नाही लावलंस तरी चालेल."

एकवीस वर्षांच्या संसारात मी कुलूप लावू नको असं पहिल्यांदा म्हणत होतो. तिनं फोन ठेवला.

मी आत गेलो. वडील खिडकीपाशी आपल्या जागेवर बसले होते. त्यांनी वाचनालयाचा पत्रा मांडीवर घेतला होता आणि ‘व’ला वळण देत होते. धाकटी भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी वही त्यांच्यासमोर धरली, शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं.

"बाबा, ही अजून किती होती? संपत आली होती का?"

त्यांनी आधी ‘व’चं वळण पूर्ण केलं, ब्रश उचलला, मान तिरपी करून अक्षर बघितलं. मग एखादं अर्धवट राहिलेलं काम आठवावं तसं त्या रेघेकडे बघितलं.

"संपतेय कुठली," ते म्हणाले. "आत्ता कुठं हात बसत होता."